पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक आणि सहा वर्षांची नोकरी

साने गुरुजी किती वर्षं शिक्षक होते? ओळखीच्या बऱ्याच जणांना मी हा प्रश्न विचारून पाहिला. कुणी पंचवीस म्हणालं, कुणी तीस. माझी आई म्हणाली, "अगं, जन्मभर." खरं उत्तर सहा. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत लागले आणि १९३० च्या सत्याग्रहात उडी घ्यायची म्हणून त्यांनी नोकरी सोडली. पुढची वीस वर्षं तुरुंग, चळवळ, संप, उपोषणं, साप्ताहिकं आणि अखंड लेखन यांत गेली. तरी नावाला चिकटलं ते "गुरुजी" हेच.

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगते, कारण पेटची तयारी करणारे माझे ज्युनिअर सगळ्यात जास्त जे विचारतात, "प्राथमिक साधन म्हणजे नक्की काय?", त्याचं उत्तर मला त्या चुकीतूनच मिळालं.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी. केलं, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग शिक्षणाच्या इतिहासात पीएच.डी.ला आले. विषय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं मराठी मुलांचं वाचन. पहिला आराखडा लिहिताना "१९१० च्या सुमाराचं कोकणातलं घर कसं होतं?" असा एक परिच्छेद टाकला आणि त्यात सगळे दाखले "श्यामची आई"मधून दिले. घरातलं कर्ज, आईची शिस्त, सोवळं-ओवळं, मुलांचं खाणं. मला वाटलं, झकास काम झालं. आमच्या सरांनी समासात पेन्सिलीने तीन शब्द लिहिले, "हे कधीचं आहे?"

मी म्हटलं, "सर, १९१० चं."

"घटना १९१० ची. लिहिलंय कधी?"

"१९३३."

"मग मधली तेवीस वर्षं कुठे गेली?"

मला काही सुचेना. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत ही चूक मी कधीच केली नसती. तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात की प्रयोगाची नोंद ज्या दिवशी प्रयोग केला त्याच दिवशी, तारखेसकट वहीत झाली पाहिजे. आठवड्यानंतर आठवून लिहिलेलं तापमान हे तापमान नसतं, ती आठवण असते. पण पुस्तक हातात आलं, त्यातही लहानपणापासून डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक, की ही साधी शिस्त आपण विसरतो.

म्हणून मी वहीत चार रकाने आखले. घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी, आणि आपल्यापर्यंत पोचलं कसं. आता त्या रकान्यांत गुरुजींचं आयुष्य भरून बघू.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. वडील खोत, पण घर उतरणीला लागलेलं. शिक्षण दापोली, औंध, पुणे असं फिरत झालं, आणि ते फिरणं हौसेचं नव्हतं. जिथे स्वस्तात किंवा कुणाच्या आधाराने राहता येईल तिथे हा मुलगा जात होता. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा मुलगा जवळ नव्हता.

इथे जरा थांबा आणि हिशेब करा. १८९९ च्या डिसेंबरात जन्म, आई गेली १९१७ मध्ये. म्हणजे मुलगा सतरा पूर्ण करून अठराव्या वर्षात होता. आपल्या डोळ्यांसमोर येणारा श्याम केवढा असतो? दहा, फार तर बारा. चड्डी घातलेला, पाय मळू नयेत म्हणून जपणारा. माझ्या डोळ्यांसमोरचा श्याम तर पुस्तकातून आलेलाच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो आला अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटातून. वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या घरी तो टीव्हीवर लागला की आई आणि आजी दोघी पदर डोळ्यांना लावून बसायच्या, मी मधे लोळत असायचे. पुस्तक मी त्यानंतर वाचलं. म्हणजे चौथा रकाना पहिल्या तिन्हींच्या डोक्यावर बसला होता. साधनाला हात लावण्याआधी आपण ते कुठून ऐकलंय हे लिहून काढायचं, ते एवढ्यासाठीच.

पुढे पुण्यात बी.ए., मग तत्त्वज्ञान घेऊन एम.ए., आणि तिथून अमळनेर. हे गाव या गोष्टीत महत्त्वाचं आहे. बोरी नदीकाठचं, खानदेशातलं, गिरणीचं गाव. गिरणीवाले प्रताप शेठ यांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला देशभरातून माणसं यावीत, त्यांनी निवांत वाचावं, लिहावं, अशी कल्पना. साने तिथे अभ्यासक म्हणून गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांना फेलोशिप मिळाली होती. आणि ती सोडून ते शेजारच्या शाळेत मास्तर झाले.

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले होते. फेलोशिपची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. त्यांनी ती का सोडली, याबद्दल पुढच्या लोकांनी बरंच भावुक लिहिलंय. मी एवढंच नोंदवते की एम.ए. झालेला चोवीस वर्षांचा माणूस ग्रंथालयातून उठून वर्गात गेला, आणि शाळेबरोबर वसतिगृहही त्याच्याकडे आलं.

माझ्या मते पुढचा लेखक वर्गात कमी आणि वसतिगृहात जास्त घडला. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, घरची आठवण काढणारी. साने सर त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, कपडे धूत, आजारी मुलाजवळ बसत. याला आपण "आईपण" म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण ते आणखी एक काम करत, ते लिखाणाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. मुलांसाठी ते "छात्रालय" नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, बरं का. स्वतःच्या हाताने लिहून सकाळी मुलांच्या समोर. आठवड्यातून एक लेख टाकताना माझी काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे. इथे दिवसभर शिकवून, वसतिगृह सांभाळून, उद्या सकाळी वाचणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून रोज लिहायचं. वाचक कोण हे माहीत, त्याचं वय माहीत, काल तो कशावर रडला तेही माहीत. पुढे त्यांनी "विद्यार्थी" नावाचं मासिकही काढलं.

दुसरी तालीम तुरुंगात झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांसमोर दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ही प्रवचनं आज पुस्तकरूपात आपल्याला मिळतात ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून. माणूस बोलतोय, ना ध्वनिमुद्रण, ना टंकलेखन, आणि हा समोर बसून लिहून घेतोय. बोललेलं वाक्य कागदावर आल्यावर मरू नये, याची यापेक्षा चांगली शिकवणी कुठली? तुम्ही कधी मुलाखतीचं लिप्यंतर केलं असेल तर तुम्हाला कळेल. अर्ध्या तासाच्या ध्वनिफितीला माझे चार तास जातात, तेही मागे-पुढे करून.

आता त्या पाच दिवसांकडे येऊ. नाशिकचा तुरुंग, ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. त्या दिवशी लिखाण सुरू झालं आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे थांबलं. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री आणि पहाटे लेखन. या तारखा खुद्द गुरुजींच्या प्रस्तावनेत आहेत. "पाच रात्रींत अख्खं पुस्तक, अश्रूंनी लिहिलेलं" ही आख्यायिका इथूनच निघाली. शाळेत आम्हाला हे चमत्कारासारखं सांगितलं जायचं. पण तीच प्रस्तावना सांगते की बहुतेक रात्री तुरुंगात लिहिल्या आणि काही सुटका झाल्यावर बाहेर. म्हणजे आख्यायिका ज्या पानावरून उचलली त्याच पानावर तिची दुरुस्तीही आहे, फक्त कुणी ती उचलली नाही. दुय्यम साधनं वाचताना हे लक्षात ठेवा. आधीच्या लेखकाने अवतरण कुठे थांबवलं ते मूळ पानावर जाऊन बघायचं.

आणि बहुतेक रात्री पाच दिवसांत झाल्या हेही काही कमी नाही. ते कसं जमलं? मला यात चमत्कार दिसत नाही, हात दिसतो. सहा वर्षं शाळेतला आणि वसतिगृहातला, मग धुळ्याचे अठरा रविवार. असा हात असलेला माणूस मनात सोळा वर्षं घोळलेलं सांगायला बसला, तर तो वेगाने लिहिणारच.

पुस्तकाची रचना बघा. आश्रमात संध्याकाळी प्रार्थना होते, मग श्याम आपल्या मित्रांना आईची आठवण सांगतो. प्रकरणांना प्रकरण म्हणत नाहीत, "रात्र" म्हणतात. रोज एक. ऐकणारे समोर बसलेले, मधूनच कुणी प्रश्न विचारतो, कुणी उठून जातो, उद्याची उत्सुकता राहते. दिवसाच्या शेवटी मुलं जमवून गोष्ट सांगणाऱ्या वसतिगृहाच्या मास्तराचीच ही वेळ आणि ही मांडणी आहे, असं माझं वाचन आहे. पुरावा म्हणत नाही, वाचनच म्हणते. प्रबंधात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत तर मौखिकीत तुमची काही खैर नाही.

आता माझ्या आराखड्यातल्या चुकीकडे परत. मधली तेवीस वर्षं पुस्तकात कुठे दिसतात?

एक गोष्ट घ्या. महार समाजातली एक म्हातारी लाकडाची मोळी उचलून द्यायला कुणी मिळेल का म्हणून ताटकळत आहे. गावात तिला कुणी शिवणार नाही. श्याम घरी येऊन आईला सांगतो. आई म्हणते, जा, तिची मोळी डोक्यावर चढवून दे. आणि नंतर आंघोळ कर, असंही सांगते.

पहिल्या आराखड्यात मी हे "१९१० च्या कोकणातली उदारमतवादी आई" म्हणून वापरलं होतं. आता नीट बघा. आंघोळ कुठल्या काळातली आहे? ती १९१० ची आहे. खोताच्या घरातली सोवळ्यातली बाई मुलाला विटाळ झाल्यावर आंघोळ करायला सांगणार, यात नवल नाही, आणि लेखकाने ती आंघोळ खोडून टाकली नाही हे त्याच्या प्रामाणिकपणाचं. पण शेकडो आठवणींतून नेमकी ही आठवण निवडणं १९३३ चं आहे. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं, २४ तारखेला आंबेडकर आणि सवर्ण हिंदू नेते यांच्यात पुणे करार झाला. पुढचे कित्येक महिने देशात अस्पृश्यतेच्या प्रश्नावर वाद पेटलेला होता. तुरुंगातले सत्याग्रही त्याबद्दल बोलत नसतील हे शक्य नाही. त्या हवेत बसून एक मास्तर आईची आठवण काढतोय, आणि त्याला मोळी आठवते.

त्यामुळे एकाच पानावर दोन काळ आहेत. आंघोळीचा एक, निवडीचा एक. फक्त पहिला घेतला तर पुस्तक कोकणातल्या घराचं वर्णन होतं, फक्त दुसरा घेतला तर प्रचारपुस्तिका. दोन्ही एकत्र वाचायला लागल्यावर मला आई जास्त खरी वाटायला लागली. ती तिच्या काळाच्या बाहेर जात नाही, एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकते आणि न्हाणीघरात परत येते. आणि दलित वाचक या पानाकडे वेगळ्या नजरेने बघेल, हेही तेव्हाच लक्षात आलं. ज्या म्हातारीला शिवल्यावर आंघोळ करावी लागते तिला या गोष्टीत नाव नसतं, गोष्ट मोळी चढवणाऱ्याची असते. माझ्या पहिल्या मसुद्यात ही ओळ नव्हती. एका मैत्रिणीने मसुदा वाचून ती दाखवली.

याच जागी मला एक मोह झाला होता, तोही कबूल करते. गांधीजींच्या "हरिजन" साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला ११ फेब्रुवारी १९३३ रोजी. म्हणजे गुरुजी नाशिकला लिहीत होते त्या पाच दिवसांच्या बरोबर मधल्या दिवशी! मी ग्रंथालयात बसल्या जागी टेबलावर हात आपटला. लगेच एक ओळ लिहिली की "हरिजन"चा प्रभाव पडून ही रात्र लिहिली गेली. संध्याकाळी खोडली. पुण्यात निघालेला अंक त्याच आठवड्यात नाशिकच्या कैद्याच्या हातात पडला असं दाखवणारं माझ्याकडे काही नाही. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे रसायनशास्त्रात मी मुलांना शिकवायचे. तारीख मी ठेवली, "प्रभाव" काढला. दोघांनाही एकच हवा लागत होती, एवढं म्हणता येतं आणि तेवढंच पुरेसं आहे.

गुरुजींनी ही मोळी मात्र पुढे खाली ठेवली नाही. १ मे १९४७ रोजी, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण सुरू केलं. दहा दिवस चाललं ते. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी मंदिरं आणि विहिरी खुल्या करण्याविषयी भाषणं दिली होती. श्यामवर रडणाऱ्या सगळ्या महाराष्ट्राने या दौऱ्याचं स्वागत केलं असं समजू नका. सनातन्यांचा विरोध कडवा होता. पुस्तकातल्या आईवर प्रेम करणं सोपं होतं, तिच्या मुलाने विठ्ठलाच्या दाराशी उपाशी बसणं अनेकांना अडचणीचं वाटलं.

बाकीचं लेखन मी इथे धावतं घेते, कारण त्याला वेगळा लेख लागेल. जगातल्या साहित्यातल्या कथा मराठी मुलांसाठी सांगणाऱ्या "गोड गोष्टी", पुतणीला लिहिलेली "सुंदर पत्रे", "धडपडणारी मुले", "भारतीय संस्कृती". त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि पुढे "कुरल" मराठीत आणलं. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हा त्यांचा आंतरभारतीचा ध्यास त्या ओळखीशी जोडलेला आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी "साधना" साप्ताहिक सुरू केलं, ते अजून निघतं. त्यांच्यावर "रडके लेखक" असा शिक्का मराठी समीक्षेने फार आधीच मारला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. काही पानांवर अश्रू इतके येतात की वाक्य पुढे सरकत नाही. पण अश्रू मोजणाऱ्यांनी बहुधा एकच पुस्तक वाचलेलं असतं.

११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. आमच्या शाळेत दर २४ डिसेंबरला जयंती व्हायची, भाषणं, गाणं, चॉकलेट. अकरा जूनबद्दल कुणी काही बोललं नाही. मला ते एम.एस्सी.च्या वसतिगृहात कुणाच्या तरी तोंडून कळलं आणि फसवल्यासारखं वाटलं. लहान मुलांपुढे हे कसं सांगायचं, म्हणून शिक्षक टाळत असतील, समजू शकते. पण त्यामुळे आमच्या डोक्यात जो माणूस तयार झाला तो नुसता मऊ आणि गोड होता, त्याच्या वाट्याला आलेली निराशा आम्हाला माहीतच नव्हती. कारणांबद्दल छापून आलेलं बरंच काही मी वाचलं. बहुतेकांना एक कारण हवं असतं. देशाची निराशा, आईची ओढ, कार्यकर्त्यांतले मतभेद. माझ्या प्रबंधाच्या तळटीपेत फक्त तारीख आहे. माणसाच्या शेवटच्या रात्रीत काय चाललं होतं हे साधनांतून सिद्ध करता येत नाही, आणि ज्यांना तसं करता येतं असं वाटतं त्यांचं लेखन मी आता जपून वाचते.

सुधारलेला आराखडा मार्चमध्ये मंजूर झाला. तो कोकणातल्या घराचा परिच्छेद आता दोन परिच्छेदांचा आहे. एक "आठवलेलं घर" आणि एक "आठवणारा माणूस". १९१० च्या घरासाठी मला आता वेगळी साधनं लागणार आहेत. खोतीची कागदपत्रं, शाळांचे अहवाल, त्याच वर्षी लिहिलेली पत्रं मिळाली तर. पुढच्या महिन्यात त्यासाठी पुराभिलेखागारात अर्ज करायचाय. अर्जाचा नमुना, कुणाचं पत्र जोडावं लागतं आणि फाईल मागवायच्या चिठ्ठ्या कशा भरतात ते काम झालं की लिहीन.